वेंगुर्ल्याकडचं पावसाळी सिनेमाघर: नॉयर आवडत असेल तर इथेच जा

रेटिंग पाचपैकी साडेचार, आणि अर्धा मार्क कुठे गेला ते पुढे येईलच. खूप दिवस लिहायचं चाललं होतं, यंदा परत जाऊन आलो म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पोस्ट मोठी आहे पण ज्यांना नॉयर, म्हणजे जुने काळोख्या सुराचे ब्लॅक अँड व्हाईट क्राइम सिनेमे, खरंच आवडतात त्यांनी पूर्ण वाचा. बाकी ज्यांना कोकणात येऊन बीच, स्कूबा, फिश थाळी एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी ही जागा नाही, उगाच जाऊन त्या म्हाताऱ्या माणसांना त्रास देऊ नका.

जागा म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात माडापोफळीच्या बागेत असलेलं जुनं कौलारू घर. समुद्र दिसत नाही पण रात्री पाऊस थांबला की गाज ऐकू येते. घर चालवतात एक रिटायर्ड हायस्कूल शिक्षक, त्यांना सगळा गाव सर म्हणतो, आणि त्यांची बायको म्हणजे आपल्या काकी, आणि प्रोजेक्टर मशीनचं सगळं बघायला सरांचा भाचा. नाव मी टाकत नाहीये कारण सरांनीच तसं सांगितलंय, खोल्या फक्त चार आहेत आणि फोन वाढले तर काकींना झेपणार नाही म्हणाले. ज्यांना खरंच जायचंय त्यांना मेसेजमध्ये सांगेन.

मिरगाचा पाऊस जरा स्थिरावला की घरातच सिनेमे दाखवायला सुरू करतात ते गणपतीच्या आधीच्या आठवड्यापर्यंत. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. माणशी साडेतीन हजार, त्यात राहणं, चहा, नाश्ता, जेवण, चार सिनेमे सगळं आलं. बाकीचं वर्ष बंद, कारण उन्हाळ्यात आंबा-काजू असतो आणि सरांच्या मते नॉयर बघायचा ऋतू हाच.

सिनेमे कुठले? अमेरिकेतले चाळीस-पन्नासच्या दशकातले, ज्यांचे हक्क तिकडे कधीच संपलेत असे. म्हणजे चोरून काही दाखवत नाहीत, आणि ह्या गोष्टीचा सरांना केवढा अभिमान आहे. शुक्रवारी रात्री डिटूर (१९४५), शनिवारी दुपारी डी.ओ.ए. (१९५०), शनिवारी रात्री स्कार्लेट स्ट्रीट (१९४५) आणि रविवारी सकाळी द हिच-हायकर (१९५३). चारही सिनेमांना मराठी सबटायटल, आणि ती सरांनी स्वतः एकेक वाक्य बसून लिहिलीत. कुठेकुठे भाषा जरा पुस्तकी होते पण काकींच्या वाडीतल्या बायका येऊन मागच्या बाकावर बसतात त्यांना अडत नाही, हेच त्याचं सर्टिफिकेट.

आता मुख्य गोष्ट म्हणजे अंधार. ह्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण बाकी कोणी ह्याची एवढी काळजी घेतलेली मी कुठे बघितली नाही.

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, तो फक्त उजेड फेकतो. पडद्यावर जिथे काळं दिसायला पाहिजे तिथे उजेड जात नाही एवढंच, त्यामुळे ते काळं किती काळं हे खोली किती अंधारी ह्यावर ठरतं. आता आपल्याकडे भिंतीला पांढरा चुना किंवा डिस्टेंपर असतो, म्हणजे पडद्यावरचा उजेड भिंतीवर आपटून परत पडद्यावर येतो आणि सगळं राखाडी होऊन जातं. रंगीत मसाला सिनेमाला त्याने फार फरक पडत नाही पण नॉयरमध्ये अर्धी फ्रेम मुद्दाम काळी ठेवलेली असते, माणसाच्या चेहऱ्याची एकच बाजू उजेडात असते आणि दुसरी बाजू आपण बघायची नाही असं दिग्दर्शकाने ठरवलेलं असतं. ती दुसरी बाजू राखाडी होऊन दिसायला लागली की सिनेमा मेला.

तर ह्या लोकांनी माजघराच्या तिन्ही भिंतींना जाड काळं कापड लावलंय, वरच्या आढ्यापर्यंत. जमीन लाल कोब्याची आहे तिच्यावर सिनेमाच्या वेळी जुन्या गडद गोधड्या टाकतात. पडदा पांढरा नाही, भिंतीचा एक चौकोन गुळगुळीत करून मध्यम करड्या रंगाने रंगवलाय. भाच्याला विचारलं तर म्हणाला करड्यावर पांढरं थोडं दबतं पण काळं खोल जातं, आणि आपल्याला काळंच पाहिजे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे सरकवायची सोय आहे, कारण हे सगळे सिनेमे जवळजवळ चौकोनी फ्रेमचे, आताच्या रुंद टीव्हीसारखे नाहीत. मागे एका शहरातल्या मोठ्या शोला पैसे भरून गेलो होतो तिथे असाच एक जुना सिनेमा रुंद पडद्यावर ताणून लावला होता, हिरॉइनचा चेहरा आडवा पसरलेला आणि कोणाला काही पडलेलीच नाही. इथे दाराच्या फटीत कपडा कोंबतात, इन्व्हर्टरच्या लाल दिव्यावर चिकटपट्टी लावलीय, आणि मोबाईल बाहेर ओटीवरच्या टोपलीत ठेवायला लावतात. आधी मला ते जरा जास्त वाटलं पण पाच मिनिटं अंधारात बसल्यावर डोळे सरावतात आणि मग करड्याच्या किती छटा दिसायला लागतात ते प्रत्यक्ष बघायलाच पाहिजे.

शुक्रवारचा डिटूर मुद्दाम पहिला ठेवलाय, सव्वा तासाच्या आतला आहे आणि पाहुणे प्रवास करून दमून आलेले असतात. एडगर उल्मरने हा एका अगदी छोट्या स्टुडिओसाठी काढला, पैसे इतके कमी की न्यूयॉर्कचा रस्ता दाखवायला सेटच नाही, म्हणून सगळीकडे धुकं सोडलं आणि मध्ये एक दिव्याचा खांब. घरी फोनवर बघताना ते गरिबीचं धुकं वाटतं. इथे त्या अंधारात ते धुकं बघताना वाटतं की ह्या माणसाला ह्याच्यापलीकडचं काही दिसतच नाहीये. एक पियानो वाजवणारा, प्रेयसी कॅलिफोर्नियाला गेलेली, हा लिफ्ट मागत मागत निघतो, लिफ्ट देणारा वाटेत मरतो, हा घाबरून त्याचीच गाडी आणि त्याचंच नाव घेऊन पुढे जातो. आणि मग वाटेत व्हेरा भेटते. अ‍ॅन सॅव्हेजचं ते काम बघून आमच्या मागच्या बाकावर एकदम शांतता झाली होती.

ह्यातली एक गंमत सरांनी सिनेमा संपल्यावर सांगितली. लिफ्टच्या काही सीनमध्ये फिल्म उलटी छापलीय, कारण हिरो पूर्वेकडून पश्चिमेला म्हणजे पडद्यावर उजवीकडून डावीकडे जाताना दिसायला पाहिजे होता. त्यामुळे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसलेला दिसतो. अमेरिकन माणसाला ते लगेच खटकतं. आपल्याकडे गाड्या तशाच चालतात त्यामुळे इथे कधीच कोणाच्या लक्षात येत नाही, सर दर शुक्रवारी विचारतात आणि दर शुक्रवारी सगळे एकमेकांकडे बघतात.

प्रत्येक सिनेमाच्या आधी सर दहा मिनिटं बोलतात, त्याहून जास्त नाही. घड्याळ बघून बोलतात, शिक्षकी सवय. युद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे पोचतच नव्हते, मग १९४६ ला एकदम ढीगच्या ढीग आले आणि तिथल्या समीक्षकांना दिसलं की ह्यांचा सूर काहीतरी वेगळा आहे, काळोखी आहे. नॉयर हे नाव तेव्हा पडलं. काढणाऱ्यांना तर आपण नॉयर काढतोय हे माहीतच नव्हतं, ते आपले क्राइम नाहीतर मेलोड्रामा म्हणून काढत होते. आणि काढणारे बरेचसे युरोपातून आलेले, फ्रित्झ लांगने १९३३ ला हिटलर आल्यावर जर्मनी सोडली, बिली वाइल्डरचंही तसंच. तिकडच्या स्टुडिओत तिरक्या सावल्यांचं जे शिकले ते इकडे घेऊन आले. वर १९३४ पासून हॉलिवूडमध्ये सेन्सॉरचे कडक नियम लागू झालेले, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, अमुक दाखवायचं नाही, तमुक बोलायचं नाही. मग जे दाखवायचं नाही ते सावलीत ठेवायचं. मला हे फार पटतं. खिडकीच्या पट्ट्यांची सावली माणसाच्या अंगावर पडली की तो गजाआड दिसतो, अटक व्हायची गरजच नाही.

शनिवारी दुपारचा डी.ओ.ए. मला आधी एवढा भारी वाटला नव्हता, इथे बघून मत बदललं. सुरुवातच अशी की एक माणूस लांबच लांब कॉरिडॉरमधून चालत पोलिसांकडे जातो, खून झालाय सांगतो, कोणाचा विचारलं तर माझाच. विष दिलंय, उतारा नाही, थोडाच वेळ हातात आहे आणि तेवढ्यात त्याला शोधायचंय की मी कोणाचं काय वाकडं केलं. आणि कारण काय निघतं? हा अकाउंटंट, मागे कधीतरी एका विक्रीच्या कागदावर नोटरी म्हणून ह्याने सही-शिक्का मारलेला. बस. त्याला आठवतही नाही. तो कागद असणं कोणालातरी अडचणीचं आहे आणि त्या कागदाचा साक्षीदार म्हणजे हा.

हे ऐकल्यावर माजघरात जी कुजबुज सुरू झाली ना! सिंधुदुर्गात, रत्नागिरीत खरेदीखताला साक्षीदार म्हणून सही केलेली माणसं घराघरात आहेत. सामायिक जमीन, सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, कोणीतरी कोणाचंतरी मुखत्यारपत्र घेऊन येतं, चहा पिता पिता सही होते आणि पंधरा वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं. माझ्या स्वतःच्या घरात हे झालंय. लोक म्हणतात नॉयर म्हणजे अमेरिकन शहर, निऑनचे दिवे, हॅट आणि पावसात चकाकणारे रस्ते. अरे पाऊस आपल्याकडे काय कमी आहे, आणि गुन्हा म्हणाल तर तलाठ्याच्या कपाटात पडलेला आहे. कोकणातल्या जमिनीच्या व्यवहारावर कोणीतरी मराठीत एक कडक नॉयर लिहायलाच पाहिजे असं मला तेव्हापासून वाटतंय, आणि तो लिहिणाऱ्याला रजिस्टर ऑफिसात बसणाऱ्या माणसांची भाषा आली पाहिजे.

आता स्कार्लेट स्ट्रीट, वर सांगितलेल्या फ्रित्झ लांगचा. इथून पुढे शेवट सांगतोय, ज्यांनी बघितला नाही त्यांनी ह्याच्यापुढचे तीन पॅरा सोडून द्या.

एडवर्ड जी. रॉबिन्सन एका फर्ममध्ये कॅशियर. पंचवीस वर्षं इमानदारीने नोकरी केली म्हणून मालक सोन्याचं घड्याळ देतात, तिथून सिनेमा सुरू होतो. घरी बायको सारखी टोचून बोलणारी, ह्याला चित्रं काढायचा नाद तर बाथरूममध्ये बसून काढतो. रात्री रस्त्यात एका मुलीला मार खाताना वाचवतो, ती किटी, आणि तिला वाटतं हा मोठा श्रीमंत चित्रकार. ती आणि तिचा जॉनी दोघं मिळून ह्याला पिळायला लागतात. हा आधी बायकोचे पैसे चोरतो, मग फर्मचे. मजा म्हणजे किटीच्या नावाने ह्याची चित्रं विकली जायला लागतात, समीक्षक वाहवा करतात, आणि ह्याला राग यायच्या ऐवजी आनंद होतो की माझी चित्रं चांगली आहेत. तो सीन मला सगळ्यात जास्त लागला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी चांगलं म्हणालं, ते पण दुसऱ्याच्या नावावर, आणि तेवढ्यावर माणूस खूष.

पुढे तो तिला मारतो, फाशी, म्हणजे तिकडे विजेची खुर्ची, जॉनीला होते आणि हा सुटतो. सुटतो म्हणजे काय, हॉटेलच्या खोलीत रात्री बाहेरचा निऑन चालू बंद होतोय आणि त्या दोघांचे आवाज कानात. त्या सीनला ह्या घरातल्या अंधाराची खरी किंमत कळते. दिवा बंद झाला की माजघर पूर्ण काळं, शेजारी कोण बसलंय दिसत नाही, फक्त आवाज. चालू झाला की रॉबिन्सनचा घामेजलेला चेहरा. बायकोने माझा हात धरला होता. शेवटी हा भणंग होऊन फिरतोय आणि आर्ट गॅलरीच्या दारातून त्याचंच काढलेलं किटीचं चित्र दहा हजार डॉलरला विकून चाललंय. १९४६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्याच्या सेन्सॉरने ह्या सिनेमावर बंदी घातली होती. खुनी कायद्याच्या हातातून सुटतो हे त्या काळात पचणारं नव्हतंच, पण मला विचाराल तर सेन्सॉरने लिहिलेल्या कुठल्याही शिक्षेपेक्षा लांगने दिलेली शिक्षा मोठी आहे.

सिनेमा संपला की सर दिवा लगेच लावत नाहीत, एक कंदील आणतात, आणि एकच प्रश्न विचारतात. प्रत्येक सिनेमाला तोच. "ह्या माणसाला परत कुठून फिरता आलं असतं?" बास, बाकी चर्चा आपण करायची. आणि खरं सांगतो, नॉयरवर मी बरंच काही वाचलंय, पुस्तकं, लेख, पण ह्या एका प्रश्नाने जेवढं कळलं तेवढं कशाने कळलं नाही. कारण उत्तर कधीच एक येत नाही. कोणी म्हणालं घड्याळ मिळालं त्या रात्री सरळ घरी जायचं. कोणी म्हणालं पहिले पैसे चोरले तिथे. गावातले एक काका आयुष्यभर पतपेढीत कॅशियर होते, ते एवढा वेळ गप्प होते, ते म्हणाले, "पैसो दुसऱ्याचो आणि हात आपलो, थंयच घात होता. फिरूक येना नाय." आणि काकी चहाचे कप गोळा करता करता म्हणाल्या, "त्येका सगळा म्हायत होता. तरी गेलोच मरे." नॉयर कशाला म्हणतात हे ह्याहून नेमकं सांगणारं वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. नियती बियती नंतर, आधी माणसाला माहीत असतं आणि तरी तो जातो. डिटूरचा हिरो सबंध सिनेमाभर नशिबाला दोष देत बसतो, पण नीट बघा, गाडी घ्यायचं त्यानेच ठरवलं, नाव घ्यायचं त्यानेच ठरवलं, आणि आपल्याला गोष्ट सांगणारा पण तोच, म्हणजे त्याच्या सोयीची गोष्ट आपण ऐकतोय.

अजून एक, बाईमुळे पुरुष बरबाद होतो हेच नॉयरचं सूत्र असं जे लोक सरसकट बोलतात ना, ते मला अजिबात मान्य नाही. व्हेरा आजारी आहे, खोकतेय, तिलाही पुढे काही दिसत नाही. किटी जॉनीचा मार खाते आणि त्याच्यावरच जीव टाकते. त्या बायका पण त्याच सापळ्यात आहेत. आमच्या बॅचला ह्यावर रात्री साडेबारापर्यंत वाद झाला आणि वाडीतल्या बायकांनी पुरुषांना चांगलंच सुनावलं.

पुस्तकांचं कपाट वेगळं लिहिण्यासारखं. खरंतर कपाट नाही, पत्र्याच्या ट्रंका आहेत कारण पावसात उघड्यावर ठेवलं की बुरशी. डांबरगोळ्यांचा वास येतो पानांना. अमेरिकन क्राइम लेखकांपैकी हॅमेट आहे, जो आधी खरोखर पिंकर्टन कंपनीत डिटेक्टिव्ह होता आणि त्याचं लिखाण वाचताना ते कळतं, पुढचा माणूस आपल्याशी खोटं बोलतोय हे गृहीतच धरलेलं. चँडलर आहे, तेल कंपनीतली मोठी नोकरी गेल्यावर चाळिशी ओलांडून लिहायला लागला, पहिली गोष्ट १९३३ ला ब्लॅक मास्क मासिकात आली. जेम्स केन आहे, आणि माझ्या मते ह्या तिघांत सगळ्यात काळा तोच, कारण त्याच्याकडे डिटेक्टिव्ह नाहीच, गुन्हा करणारा माणूसच बोलतो. त्याच्या डबल इंडेम्निटीचा वाइल्डरने १९४४ ला सिनेमा केला, पटकथेला चँडलर, सात ऑस्कर नॉमिनेशन आणि एकही मिळालं नाही.

आणि त्याच ट्रंकेत बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या ह्या माणसाने, आमच्या आजोबांची पिढी वाचनालयात त्यांच्या पुस्तकासाठी नंबर लावायची. पण त्यांचे हिरो झुंजार आणि काळापहाड हे नॉयर नाहीत, तिथे शेवटी सगळं ठीक होतं आणि वाचणारा निर्धास्त झोपतो. सुहास शिरवळकर आहेत, त्यांच्यात तो शहरी अंधार थोडा जास्त. पण सरांनी मुद्दाम सगळ्यात वर ठेवलेत चिं. त्र्यं. खानोलकर. ह्याच वेंगुर्ल्याच्या मातीतला माणूस, १९३० ते १९७६ एवढंच आयुष्य, आणि 'रात्र काळी, घागर काळी', 'अजगर', 'कोंडुरा'. क्राइम नाही, पोलीस नाहीत, पण माणूस स्वतःच्या वासनेकडे आणि भीतीकडे चालत जातो, वाट माहीत असून चालत जातो, ते सगळं आहे. शनिवारी सकाळी पाऊस कोसळत होता आणि ओटीवर बसून मी खानोलकर वाचत होतो, रात्रीचा सिनेमा डोक्यात होता, दोन्ही एकमेकांत कधी मिसळलं कळलं नाही. नुसतं ह्या ट्रंकेसाठी परत जाईन.

रविवारचा हिच-हायकर आयडा ल्युपिनोने काढलाय, त्या काळी हॉलिवूडमध्ये दिग्दर्शन करणारी बाई म्हणजे अपवादच, आणि त्यात हा असला सिनेमा. दोन मित्र मासेमारीला निघालेत, वाटेत एकाला लिफ्ट देतात आणि तो खुनी निघतो. त्याचा एक डोळा मिटतच नाही, त्यामुळे रात्री तो झोपलाय की जागा आहे हे त्या दोघांना कळत नाही. बहुतेक सिनेमा मेक्सिकोच्या वाळवंटात, भर उन्हात. सर हा मुद्दाम शेवटी ठेवतात, तीन सिनेमे सावलीचे बघून झाल्यावर कळावं की भीतीला अंधार लागतोच असं नाही. चारातला सगळ्यात कमी चर्चा झालेला सिनेमा हाच, पण तेव्हा सगळ्यांना ट्रेन पकडायची घाई असते. सरांनी तो शनिवारी दुपारी घ्यावा असं माझं मत.

जेवण साधं आणि एक नंबर. जून-जुलैला मासेमारी बंद असते त्यामुळे ताजी सुरमई, पापलेट मागू नका, काकी स्पष्ट सांगतात. सुक्या बांगड्याची किसमूर, सुकट, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, फणसाच्या आठळ्या घातलेली भाजी, सकाळी घावणे नाहीतर आंबोळी चटणी. श्रावण लागला की पूर्ण शाकाहारी. दुपारच्या सिनेमाच्या आधी जास्त जेवू नका, अंधारात झोप लागते, आमच्यातला एक जण डी.ओ.ए. अर्धा घोरत होता.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, पावसाचा आवाज. घर कौलारू आहे पण माजघराच्या मागे पडवीला पत्रा टाकलाय आणि जोराची सर आली की त्या पत्र्यावर असा ताशा वाजतो की डायलॉग ऐकूच येत नाही. सबटायटल आहेत म्हणून गोष्ट कळते, पण रॉबिन्सनच्या कानातले ते कुजबुजते आवाज सरीत वाहून गेले असते तर? आमच्या नशिबाने तेव्हा पाऊस थांबला होता. पत्र्यावर काहीतरी अंथरायला पाहिजे, झावळ्या टाकल्या तरी फरक पडेल, भाच्याला बोललोय मी. अर्धा मार्क ह्याच्यासाठी कापलाय. दुसरं, लाईट. जाते म्हणजे जातेच. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालतो पण पंखे बंद करावे लागतात आणि काळ्या कापडात कोंडलेल्या खोलीत बारा-पंधरा माणसं म्हणजे घामाघूम. तिसरं, खोल्यांना ओलीचा वास येतो, गाद्या दमट, ते पावसात कोकणात कुठेही येणारच, आपली चादर न्या. संडास बाथरूम स्वच्छ, पण बाहेर आहेत, टॉर्च लागतो. नेटवर्क नाही, फक्त विहिरीपाशी एक काडी येते.

प्रोजेक्टरच्या लेन्सला दमट हवेने बुरशी धरते म्हणून भाचा रविवारी सगळं आटपलं की मशीन पुसून सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवतो. मी मुद्दाम थांबून बघितलं. लेन्स कंदिलासमोर तिरकी धरून डाग बघत होता, एका कोपऱ्यात जाळीसारखं बारीक काहीतरी दिसलं तर चेहरा एवढासा झाला पोराचा. एवढ्या प्रेमाने करतात म्हणून साडेतीन हजार मला कमीच वाटतात.

जायचं कसं: कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनला उतरा, तिथून वेंगुर्ल्याची एसटी नाहीतर रिक्षा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं असतं, गाड्या हळू चालतात, शुक्रवारी उशीर होणारच हे धरून निघा. उशीर झाला तर सर थांबतात, पण सिनेमा एकदा सुरू झाला की दार उघडत नाहीत.

मी निघताना सरांना दोन गोष्टी सुचवल्यात. एक, आपले सिनेमे पण घ्या. गुरुदत्तचा बाझी (१९५१) आणि खास करून जाल (१९५२), गोव्याच्या मच्छीमारांच्या वस्तीतली गोष्ट, देव आनंद स्मगलर, आणि कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा, ज्यांनी पुढे गुरुदत्तकडे उजेडाचं जे काम केलं ते सगळ्यांना माहीतच आहे. त्या करड्या भिंतीवर जाल बघायचंय मला. आणि मराठीतला पुणे ५२ (२०१३), निखिल महाजनचा, गिरीश कुलकर्णी डिटेक्टिव्ह, चांगला सिनेमा असून लोकांनी बघितलाच नाही. सर म्हणाले हक्कांचं नीट विचारूनच दाखवेन, पत्र लिहायला घेतो. दुसरी गोष्ट म्हणजे तो पत्रा. त्याचं उत्तर भाच्याने दिलं, पुढच्या सीझनला पडवी कौलाची करतोय, कौलं आणून पण ठेवलीत मागे.